मासा उपाशी राहील ना!

मासा मांडीवर येऊन बसत नाही आणि कुरवाळूनही घेत नाही. तरीही पाळीव प्राणी आजारी मुलांना आधार देतात तो नेमका कसा, हे समजून घ्यायला मला कुत्र्यामांजरांपेक्षा मासाच जास्त उपयोगी वाटतो.

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मग रोज साखर तपासायची आणि इन्सुलिन घ्यायचं, तेही जन्मभर. वयात येताना संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, साखर आवरेनाशी होते. आणि नेमक्या त्याच वयात ‘तपासलीस का?’ हा आईबाबांचा प्रश्न नकोसा होतो.

अमेरिकेत डॅलसमधल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १० ते १७ वर्षांची, साखर नीट ताब्यात नसलेली २८ मुलं होती. त्यांतल्या काहींना एकेक बेट्टा मासा दिला. सकाळ-संध्याकाळ त्याला खाऊ घालायचं आणि तेव्हाच स्वतःची साखर तपासायची. आठवड्यातून एकदा पाणी बदलायचं आणि त्याच दिवशी पालकांसोबत साखरेच्या नोंदी बघायच्या. बस, एवढंच.

निकाल मोजला एचबीए१सी या तपासणीने. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. त्यामुळे दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून काही साधत नाही! तीन महिन्यांनी मासेवाल्या मुलांचा आकडा ०.५ ने उतरला, बाकीच्यांचा ०.८ ने चढला. दहा ते तेरा वयोगटात फरक जास्त होता.

२८ मुलं म्हणजे फारच छोटा प्रयोग, हे खरं. पण प्राण्यांच्या आधाराबद्दल बोलताना आपण लगेच स्पर्श आणि ऑक्सिटोसिनकडे (जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक) वळतो, ते इथे लागू पडत नाही. माझ्या मते इथे भूमिका बदलली. एरवी ज्याची सगळे काळजी घेतात, त्याच्यावर आता कुणीतरी अवलंबून होतं. शिवाय एक काम दुसऱ्या ठरलेल्या कामाला बांधलं की विसरायला होत नाही. मुलगा मोठा होत गेला की हा धागा सैल पडत असावा.

प्राणी निवडताना मात्र डॉक्टरांना विचारावं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर कासव किंवा सरडा घरी नकोच, कारण त्यांच्या अंगावरून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो. मांजराची विष्ठाही अशा मुलाने साफ करू नये. आणि हाताला जखम असेल, तर माशाचं पाणी त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी बदलावं.