पळणाऱ्या धूमकेतूचा फोटो

४६पी विर्टानेन हा धूमकेतू दर साडेपाचेक वर्षांनी सूर्याकडे येतो, पण डिसेंबर २०१८ ची फेरी खास होती, १६ तारखेला तो पृथ्वीपासून फक्त १ कोटी १६ लाख किलोमीटरवर होता, म्हणजे चंद्राच्या तीसपट अंतरावर. कृत्तिका आणि रोहिणीच्या मधे, आपल्याकडून रात्री अकराला जवळपास डोक्यावर. प्रत (म्हणजे तेजस्वितेचा आकडा, जितका कमी तितकं तेजस्वी) चौथी म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं नुसत्या डोळ्यांनी सहज दिसेल. कसलं काय! तेवढा उजेड पूर्ण चंद्रापेक्षा मोठ्या ठिपक्यात पसरलेला, चमचाभर तूप अख्ख्या परातीला फासल्यासारखा, त्यात चंद्र मध्यरात्रीनंतरच मावळणार, त्यामुळे शहरातून बऱ्याच जणांना काहीच दिसलं नाही.

म्हणून इथे मोठी दुर्बीण घेऊन फायदा नाही, धूमकेतू फ्रेममध्येच मावत नाही. ५०० मिमी फोकल लेंथची छोटी दुर्बीण बेस्ट. खरी कटकट वेगळीच, तो पळत असतो. त्या रात्री तो ताऱ्यांमधून मिनिटाला साधारण १० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकत होता, आणि अशा दुर्बिणीवर ४ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एक पिक्सेल म्हणजे दीड-पावणेदोन विकला, म्हणजे मिनिटभराच्या एक्स्पोजरमध्ये केंद्र सहा पिक्सेल लांबट होणार, माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारा स्टँड, ताऱ्यांना कितीही परफेक्ट ट्रॅक करत असला तरी. मग २०-३० सेकंदांचे भरपूर फोटो काढायचे आणि नंतर एकावर एक रचायचे. डीपस्कायस्टॅकर हे फोटो रचायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कॉमेट मोड आहे, पहिल्या, शेवटच्या आणि रेफरन्स फ्रेममध्ये (ज्या फोटोवर बाकीचे जुळवायचे तो) धूमकेतूच्या केंद्रावर क्लिक करून द्यायचं, बाकीच्यांमध्ये तो कुठे असेल ते सॉफ्टवेअर फोटोच्या वेळेवरून काढतं. धूमकेतू धरून रचलं की ताऱ्यांच्या रेघा होतात, तारे धरून रचलं की धूमकेतू फासला जातो, त्यामुळे लोक दोन्ही वेगवेगळं करून शेवटी जोडतात. मला स्वतःला रेघावाला फोटो जास्त प्रामाणिक वाटतो.

फ्लॅट फ्रेम, म्हणजे कोपऱ्यांतला अंधार दुरुस्त करायला काढलेला एकसारख्या उजेडाचा फोटो, मात्र टाळू नका. कोमाची, म्हणजे केंद्राभोवतीच्या धूसर ढगाची, कड इतकी फिकी असते की लेन्सच्या कोपऱ्यातला अंधार आणि ती यात फरकच कळत नाही.

रंग हिरवा येतो तो कार्बनच्या दोन अणूंच्या रेणूमुळे. हे रेणू सूर्यप्रकाशात तुटतात, शेपटीपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे कोणी हिरवीगार शेपटी दाखवली तर सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) जरा जास्तच ओढलंय समजा.