अपडेट अडकले म्हणून फायरवॉल बंद करू नका

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक वाक्य ठरलेले असते: "नेट चालू आहे, ब्राउझर उघडतो, पण सर्व्हर अपडेट होत नाही." स्क्रीनवर शून्य टक्के आणि 'कनेक्टिंग टू' एवढेच दिसते. चहा पिऊन परत आले तरी आकडा जागचा हललेला नसतो. मग कोणीतरी वैतागून नेटवर्कवरची ये-जा गाळणारी फायरवॉलच बंद करतो, अपडेट धडाधड उतरते आणि फायरवॉल पुन्हा चालू करायची राहून जाते. तिथवर वेळ येऊ नये म्हणून हे माहितीपत्रक.

सर्वांत आधी स्क्रीनवरचा संदेश नीट वाचा. गाडी कुठे अडली ते बहुतेक वेळा त्यातच लिहिलेले असते.

'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग' असे दिसले, तर सर्व्हरला मिररच्या, म्हणजे अपडेटच्या फाइल ठेवणाऱ्या सर्व्हरच्या, नावाचा पत्ताच मिळत नाही. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा पोर्ट (ये-जा करण्याचे क्रमांकित दार) ५३ तपासा, यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी. तो बंद असेल तर बाकीचे पोर्ट उघडून काही उपयोग नाही. 'टाइम्ड आउट' आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' हे दोन संदेश सारखे वाटतात, पण तसे नाहीत. पहिल्यात कोणी ओ देत नाही, दुसऱ्यात तोंडावर नाही म्हणतात. फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असेल तर सहसा पहिला संदेश येतो. आकडा ४०७ असेल तर वाटेत प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, आहे आणि तिला युजरनेम-पासवर्ड हवा आहे.

प्रॉक्सीवरून आठवले. टर्मिनलमध्ये प्रॉक्सी सेट केली, साधे डाउनलोड चालते, पण सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) अपडेट केले की बंद, असे पुष्कळांचे होते. सुडो बहुतेक ठिकाणी तुमचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमध्ये केलेली सेटिंग) पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे प्रॉक्सीचा पत्ता वाटेतच गळतो. तो पत्ता पॅकेज मॅनेजरच्या (अपडेट आणणारे सॉफ्टवेअर; डेबियन घराण्यात अ‍ॅप्ट, रेड हॅट घराण्यात डीएनएफ) स्वतःच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहा. अ‍ॅप्टसाठी तशी वेगळी फाइल करता येते, डीएनएफसाठी डीएनएफ डॉट कॉन्फमध्ये एक ओळ पुरते.

पोर्टचे म्हणाल तर बाहेर जाण्यासाठी ८० आणि ४४३ लागतात. डेबियन घराण्यातले बरेच मिरर अजून साध्या एचटीटीपीवर, म्हणजे ८० वर चालतात. "८० असुरक्षित" म्हणून तो बंद केला की अपडेट थांबते. पॅकेजची खातरजमा डिजिटल सहीने होत असल्यामुळे वाटेत कोणी फाइल बदलली तर अ‍ॅप्ट ती घेत नाही. तरीही ८० नकोच असेल आणि मिरर एचटीटीपीएस देत असेल, तर सोर्स लिस्टमध्ये (मिररच्या पत्त्यांची फाइल) पत्ता बदला. बाहेरून आत येणारा कोणताही पोर्ट अपडेटसाठी उघडावा लागत नाही. कोणी तसे सुचवले तर आधी आम्हाला विचारा.

आता आमचा स्वतःचा एक फजितीचा किस्सा. एका ग्राहकाच्या फायरवॉलमध्ये आम्ही मिररचा आयपी पत्ता टाकून परवानगी दिली. कित्येक महिने सुरळीत चालले आणि एका सकाळी अचानक बंद. अर्धा दिवस आम्ही सर्व्हरच खणत बसलो. मिरर सीडीएनच्या (अनेक ठिकाणच्या सर्व्हरवरून फाइल देणारे जाळे) मागे होता आणि त्याचा आयपी बदलला होता, एवढेच. तेव्हापासून आम्ही परवानगी डोमेनच्या नावाने देतो. फायरवॉलला ते जमत नसेल तर मध्ये प्रॉक्सी ठेवतो किंवा नेटवर्कच्या आतच मिरर उभा करतो. डीएनएफ तर मिररच्या यादीतून स्वतःच एखादा निवडतो, त्यामुळे आज चालले आणि उद्या अडले असे होऊ शकते. तिथे एकच ठरावीक बेस यूआरएल द्या.

नावे देतानाही एक मेख आहे. पायथनची पॅकेजे आणणारा पिप पॅकेजची यादी पायपीआय डॉट ओआरजीवरून घेतो, पण फाइल येते फाइल्स डॉट पायथनहोस्टेड डॉट ओआरजीवरून. पहिल्यालाच परवानगी असेल तर पॅकेज सापडते आणि डाउनलोडला अडकते.

सर्टिफिकेटची तक्रार दिसली, विशेषतः 'सेल्फ साइन्ड' हे शब्द, तर फायरवॉल एचटीटीपीएसची एन्क्रिप्टेड वाहतूक उघडून तपासत असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी सर्टिफिकेटची तपासणीच बंद करण्याचे पर्याय इंटरनेटवर ढिगाने सापडतात. ते वापरू नका. तुमच्या नेटवर्क विभागाकडून रूट सर्टिफिकेट घ्या आणि सर्व्हरच्या विश्वासू यादीत घाला. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची यादी सहसा वेगळी असते, त्यामुळे त्याच्या पॅकेज मॅनेजरला, एनपीएमला, ते स्वतंत्र सांगावे लागते.

'हॅश सम मिसमॅच' आल्यास बऱ्याचदा मधली कॅशे (फाइलचा तात्पुरता साठा) शिळी फाइल देत असते. थोड्या वेळाने पुन्हा करून पाहा, नाहीतर कॅशे रिकामी करा. आणि सर्व्हरचे घड्याळही पाहा. ते मागे पडले असेल तर अ‍ॅप्ट 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणून हटून बसते. वेळ जुळवणाऱ्या एनटीपीचा यूडीपी १२३ पोर्ट फायरवॉलने अडवलेला असला की असे होऊ शकते.

इतके करूनही अडले तर कळवा. नुसते "चालत नाही" असे न लिहिता चालवलेली कमांड, आलेला पूर्ण संदेश आणि नेमकी वेळ पाठवा. त्या वेळेवरून फायरवॉलच्या लॉगमधली ओळ चटकन सापडते. शक्यतो स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून द्या. पासवर्ड दिसत असेल तर तेवढा खोडून.