दुनळी रायफलच्या नळ्या तिरप्या का बसवतात?

दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या एकमेकींना समांतर असतात की नाही, असं कुणालाही विचारून बघा. "समांतरच असणार, त्यात काय विचारायचं?" हेच उत्तर येतं. मेकॅनिकल इंजिनियरसुद्धा बिनदिक्कत हेच सांगतात. पण त्या समांतर नसतात. चांगल्या दुनळी रायफलच्या नळ्या दस्त्याकडच्या टोकाला एकमेकींपासून जरा लांब आणि तोंडाशी जवळ असतात. दोन्ही नळ्यांच्या मध्यरेषा पुढे वाढवल्या, तर काही मीटरवरच त्या एकमेकींना छेदतात आणि फुली मारून पलीकडे जातात. या हिशेबाने उजव्या नळीची गोळी लक्ष्याच्या डावीकडे जायला हवी आणि डावीची उजवीकडे. तरीही पन्नास-साठ मीटरवर दोन्ही गोळ्या शेजारी-शेजारी लागतात. ही फुली मुद्दाम घातलेली असते आणि ती बरोबर घालणं हेच त्या बंदुकीतलं सगळ्यात अवघड काम.

हा विषय डोक्यात शिरला तो अमेरिकेतल्या एका छंदामुळे. लंडनच्या नामांकित कारागिरांची नवी दुनळी रायफल म्हणजे आपल्याकडच्या उपनगरातल्या फ्लॅटची किंमत. म्हणून तिथले काही हौशी लोक छऱ्यांची जुनी दुनळी घेतात, तिची ॲक्शन, म्हणजे नळ्यांचं मागचं तोंड बंद करणारा आणि बिजागरीवर उघडणारा मधला भाग, तसाच ठेवतात आणि छऱ्यांच्या नळ्यांच्या जागी रायफलच्या नळ्या बसवतात. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा तिच्यात असा बदल करणं हा गंभीर गुन्हा आहे. तेव्हा 'साहित्य आणि कृती' शोधत आलेल्यांनी इथेच थांबावं. मला रस आहे तो या कामातल्या पदार्थविज्ञानात.

आधी दाबाचं बघू, कारण पहिली शंका तिथेच येते. बारा बोअरच्या, म्हणजे नेहमीच्या मापाच्या, छऱ्यांच्या काडतुसात दाब साधारण ७४० बारपर्यंत जाऊ दिलेला असतो (इथे बार हे दाबाचं एकक, एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). '.४७० नायट्रो एक्स्प्रेस' या हत्तीच्या शिकारीसाठी बनवलेल्या काडतुसात तो अडीच हजार बारच्या आसपास जातो. म्हणजे तिपटीहून जास्त. मग छऱ्यांची ॲक्शन पहिल्या गोळीलाच उडून जायला हवी. ती बहुतेक वेळा जात नाही, कारण ॲक्शनला दाब कळत नाही, बल कळतं. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. बारा बोअरच्या काडतुसाचं बूड रुंद, त्यावर साधारण दोन टनांचा रेटा येतो. .४७०चं बूड त्यापेक्षा बरंच अरुंद, तिथे तीन ते चार टन. तिप्पट दाबाचं दीडपट-दुप्पट बल झालं. हा फरक छोटा नाही, पण फसवण्याइतका छोटा नक्की आहे.

शिवाय हे बल बिजागरीच्या खिळ्याच्या वरून, काही सेंटिमीटर उंचावरून लागतं, त्यामुळे दर बाराला ॲक्शनची उभी भिंत मागे कलायला बघते. भिंत आणि आडवी पट्टी जिथे काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यात ताण साठतो. तडा जाणार असेल तर तिथेच जातो, आणि तो पहिल्या बाराला न जाता शंभराव्या किंवा पाचशेव्या बाराला जाऊ शकतो. धातूचा थकवा असाच असतो. "दहा बार काढले, काही झालं नाही, म्हणजे मजबूत आहे" हा युक्तिवाद "तीस वर्षं बिडी ओढतोय, काही झालं नाही" याच जातीचा. ब्रिटनमध्ये प्रत्येक बंदुकीची सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये जास्त दाबाची काडतुसं उडवून परीक्षा घेतात, मगच तिच्यावर शिक्का बसतो. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३पासून हेच काम करतंय.

आता नळ्यांकडे येऊ.

बहुतेकांना वाटतं की गोळी नळीतून बाहेर पडली की मग बंदूक मागे येते. खांद्याला धक्का जाणवतो तोपर्यंत गोळी केव्हाच गेलेली असते, त्यामुळे हा समज पक्का होतो. पण न्यूटनचा तिसरा नियम गोळी बाहेर पडायची वाट बघत नाही. गोळी नळीत एक मिलिमीटर पुढे सरकली, की त्याच क्षणी बंदूक तिच्या प्रमाणात मागे सरकलेली असते. .४७०ची गोळी साधारण ३२ ग्रॅमची, तिच्यामागे कॉर्डाइटची पाचेक ग्रॅम दारू, आणि रायफल ४.८ किलोची. नळीत गोळीचा प्रवास ५८ सेंटिमीटरचा. गोळी आणि दारू एकीकडे, बंदूक दुसरीकडे आणि दोन्ही मिळून गुरुत्वमध्य जागच्या जागी, एवढं धरलं तर गोळी तोंडाशी पोचेपर्यंत बंदूक सुमारे चार मिलिमीटर मागे आलेली असते. वेळ लागतो दीड-दोन मिलिसेकंद.

चार मिलिमीटर सरळ मागे आली असती तर काही बिघडलं नसतं. एकनळी रायफलीत तसंच होतं, धक्का आला तरी डावी-उजवी बाजू सांभाळली जाते. दुनळीत मात्र एकही नळी मधोमध नसते. उजवी नळी बंदुकीच्या मध्यरेषेपासून साधारण १२ मिलिमीटर उजवीकडे असते आणि बल त्या रेषेत मागे लागतं. हातगाडीची फक्त उजवी मूठ मागे ओढली तर गाडीचं तोंड उजवीकडे वळतं, तसंच इथे. उजवा बार काढला की बंदुकीचं तोंड उजवीकडे वळतं, डावा काढला की डावीकडे. आणि हे वळणं गोळी नळीत असतानाच सुरू झालेलं असतं.

किती वळतं? बंदूक म्हणजे १.१ मीटर लांबीचा सरळ दांडा आहे आणि ती हवेत मोकळी तरंगते आहे, असं धरून बघू. गोळी तोंडाशी येईपर्यंत हा दांडा अर्धा मिलिरेडियन फिरतो (एक मिलिरेडियन म्हणजे हजार मीटरवर एक मीटर सरकेल एवढा कोन). पन्नास मीटरवर त्याचे अडीच सेंटिमीटर होतात. शिवाय त्या क्षणी नळीचं तोंड नुसतं वळलेलं नसतं, ते बाजूला सरकतही असतं, सेकंदाला पाव मीटरहून थोड्या जास्त वेगाने. गोळी तो आडवा वेग बरोबर घेऊन निघते, त्याचे आणखी दोन सेंटिमीटर. एकूण चार-पाच सेंटिमीटर एका बाजूला. दुसरी नळी तेवढंच विरुद्ध बाजूला फेकते. दोन नळ्यांमधलं मुळातलं दोन सेंटिमीटरचं अंतर धरलं, तर समांतर नळ्यांच्या दुनळीच्या दोन गोळ्या पन्नास मीटरवर दहा-बारा सेंटिमीटर फाकतील. शंभर मीटरवर जवळपास वीतभर. हे टाळायचं तर नळ्या आधीच आत वळवून ठेवाव्या लागतात, म्हणजे धक्क्याने त्या बाहेर वळतील तेव्हा हिशेब जुळतो.

इथे एक गंमत आहे आणि मला ती फार आवडते, तेव्हा गणिताचा कंटाळा असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. वरच्या हिशेबात गोळीचा वेग कुठेच टिकत नाही! बंदूक किती मागे सरकली हे फक्त वस्तुमानांच्या गुणोत्तरावर आणि गोळीने कापलेल्या अंतरावर ठरतं. गोळी वेगाने गेली तर बंदूकही त्याच प्रमाणात वेगाने फिरते, आणि एक भागिले दुसरा केलं की वेग खोडला जातो. आडव्या वेगाचंही तेच. म्हणजे शाळेतलं पदार्थविज्ञान सांगतं की गोळीचं वजन बदललं तर नेम फाकेल, वेग बदलला तर नाही. पण दुनळी जुळवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या उलटं सांगत आलेत: काडतूस मंद असलं तर दोन गोळ्या फाकतात, जलद असलं तर एकमेकींना ओलांडून जातात. दोघांपैकी खोटं कोणीच नाही. आपण बंदूक ताठ दांडा धरली, ती ताठ नसते. नळ्या वाकतात, ॲक्शन आणि दस्त्याच्या मधला बारीक भाग लवचीक असतो, आणि बल लागल्यापासून वाक तोंडापर्यंत पोचायला वेळ लागतो. दीड मिलिसेकंद मिळाले तर वाक एवढा, दोन मिळाले तर जास्त. त्यात माणसाचा खांदा आणि डावा हात ओढाताण करतात, त्यांचा परिणामही वेळेवर अवलंबून. काळ समीकरणात मागच्या दाराने परत येतो तो असा, आणि तो किती हे कागदावर काढणं महाकठीण.

म्हणून ते कागदावर काढत नाहीत. नळ्या मागच्या बाजूला पक्क्या जोडतात. त्या मागे जाड आणि पुढे निमुळत्या असल्यामुळे नुसत्या शेजारी ठेवल्या तरी हवं त्यापेक्षा जास्तच आत वळतात. तोंडाशी दोघींच्या मध्ये एक छोटी पाचर घालून त्यांना लांब धरतात आणि सगळं कथिलाच्या डाखाने जोडतात. मग बार काढायचे, उजवा-डावा, उजवा-डावा. निशाणाचा कागद बघायचा. डाख गरम करून सैल करायचा, पाचर केसभर सरकवायची, डाख थिजू द्यायचा, पुन्हा बार. पाचर तोंडाशी एक दशांश मिलिमीटर हलली, तर नळीची दिशा साधारण दीड दशांश मिलिरेडियनने बदलते, पन्नास मीटरवर सात-आठ मिलिमीटर. हे काम करणारा माणूस कारखान्यात एखाद-दुसराच असतो आणि नळ्या किती तापल्यात यावरही त्याची नजर असते. एकच नळी सारखी उडवली तर ती तापून लांबते, थंड नळी तिच्याबरोबर लांबत नाही आणि जोडीच्या जोडी थंड नळीच्या बाजूला वाकते.

आता हिंदुस्थानकडे, कारण या बंदुकांचं मोठं गिऱ्हाईक इथेच होतं: संस्थानिक, साहेब आणि त्यांचे पाहुणे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० कॅलिबरवर (कॅलिबर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इथे इंचात) इथे बंदी घातली, कारण मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचं कॅलिबरही तेच, आणि दारूगोळा बंडखोरांच्या हाती जायची भीती. .४६५, .४७०, .४७५ अशी विचित्र आकड्यांची काडतुसं निघाली ती ही बंदी चुकवायला. दुसरी अडचण हवेची. कॉर्डाइट हे नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांचं मिश्रण, तापलं की जास्त जोरात जळतं. इंग्लंडच्या गारव्यात जुळवलेली रायफल मे महिन्यात मध्य प्रांतात आणली की दाब चढायचा, वेग वाढायचा आणि गोळ्या एकमेकींना ओलांडायच्या. यावर तोडगा म्हणून दारू थोडी कमी भरलेली 'ट्रॉपिकल' काडतुसं वेगळी निघायची. शिकारकथांमध्ये मंतरलेला वाघ हमखास भेटतो, नेमबाज पट्टीचा, अंतर थोडं, तरी दोन्ही गोळ्या हुकतात आणि हाकेवाले सांगतात की त्याच्यावर देवीचं पांघरूण आहे. त्या वाघांपैकी काहींचं पांघरूण उन्हात तापलेल्या काडतुसांच्या पट्ट्यात असणार.

हाकेवाल्यांना हसणाऱ्या साहेबांच्या अंधश्रद्धाही काही कमी नव्हत्या. मोठ्या कॅलिबरची गोळी हत्तीला 'उलथवून पाडते' ही त्यातली सगळ्यात टिकाऊ, आजही जाहिरातींत भेटते. .४७०च्या गोळीचा संवेग ३२ ग्रॅम गुणिले सेकंदाला ६५५ मीटर, म्हणजे २१ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. पाच टनांच्या हत्तीत तो पूर्ण शोषला गेला, तर हत्ती सेकंदाला चार मिलिमीटर वेगाने मागे सरकेल. गोगलगायीच्या बरोबरीने. गोळी हत्तीला ढकलून पाडू शकली असती, तर तेवढाच धक्का खाणारा शिकारी आधी आडवा झाला असता. जनावर पडतं ते मेंदू किंवा मणका फुटल्यामुळे, ढकललं गेल्यामुळे नाही.

घरच्या वर्कशॉपमध्ये दुनळी रायफल करणाऱ्याचं घोडं म्हणूनच नळ्या बसवून झाल्यावर अडतं. लेथवरचं काम चांगला टर्नर करतो. त्यापुढे डाख, पाचर आणि कागदावरची भोकं यांचा न संपणारा खेळ सुरू होतो आणि .४७०चं प्रत्येक काडतूस खिशाला चटका देऊन जातं. काही जर्मन कारखान्यांनी हल्ली यातून वाट काढली आहे: नळ्या पुढच्या टोकाला डाखाने जोडायच्याच नाहीत, तिथे स्क्रू ठेवायचा आणि बंदूकवाल्याने तो फिरवून नळ्या आत-बाहेर करायच्या. तापलेली नळी मोकळी लांबते, शेजारणीला वाकवत नाही. काडतूस बदललं तर स्क्रू पुन्हा फिरवावा लागतो, आणि तो कुठल्या बाजूला किती फिरवायचा हे अजूनही बार काढून, कागद बघूनच ठरतं.