फायर एम्ब्लेम थ्री हाउसेस : पात्राचा क्लास बदलायची परीक्षा, पात्रता आणि लागणाऱ्या गोष्टी

नाशिकमधे आमच्या ओळखीत ज्यांच्याकडे स्विच आहे ते बरेच जण सध्या हाच गेम खेळतायत. गेम तसा २०१९ च्या जुलैमधला, पण कार्ट्रिज या हातातून त्या हातात फिरत गंगापूर रोडवरून सिडकोत आणि तिथून पंचवटीत जातंय आणि जिथं जाईल तिथून मला तेच प्रश्न येतायत, की लेव्हल वाढली तरी क्लास (म्हणजे पात्राचा लढायचा प्रकार) का उघडत नाही, पोराला पेगासस (पंखवाला घोडा) का देता येत नाही, सील (परीक्षेला बसायला लागणारी वस्तू) घेतलं तरी नापास कसा झाला. म्हणून सगळं एकदाच मराठीत नीट लिहून ठेवतोय, नवीन खेळणाऱ्यांनी सुरवात करायच्या आधी वाचलं तर जास्त फायदा होईल.

आधी एवढं समजून घ्या की या गेममधे क्लास आपोआप उघडत नाही. तुम्ही गॅरेग माख नावाच्या मठात शिकवणारे प्रोफेसर असता, एडलगार्डचं ब्लॅक ईगल्स, दिमित्रीचं ब्लू लायन्स किंवा क्लॉडचं गोल्डन डीअर यातलं एक हाउस (विद्यार्थ्यांचा गट) निवडता, आणि तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पुढचा क्लास हवा असेल तर सर्टिफिकेशनची परीक्षा द्यावी लागते. सगळे सुरवातीला नोबल किंवा कॉमनर असतात, तिथून वर चार पायऱ्या आहेत.

पात्रता

पहिली अट लेव्हलची. बिगिनर क्लासला ५, इंटरमीडिएटला १०, अ‍ॅडव्हान्स्डला २० आणि मास्टरला ३०. यात सूट नाही, लेव्हल कमी असेल तर परीक्षेला बसताच येत नाही. पण या अटीची काळजी करू नका, लढाया खेळत गेलात की लेव्हल आपोआप वाढते.

दुसरी अट स्किलच्या ग्रेडची (डी, सी, बी, ए असे चढत जातात), आणि लोक अडकतात ते इथंच. बिगिनरला सोपं आहे, तलवारीत डी असेल तर मर्मिडन, भाल्यात डी असेल तर सोल्जर, कुऱ्हाड, धनुष्य किंवा ब्रॉल (मुठींची मारामारी) यातल्या एकात डी असेल तर फायटर, रीझन (हल्ल्याची जादू) किंवा फेथमधे (मुख्यतः उपचाराची जादू) डी असेल तर मंक. इंटरमीडिएटला साधारण सी लागतो, म्हणजे मर्सिनरीला तलवार सी, आर्चरला धनुष्य सी, मेजला रीझन सी, आणि कॅव्हलियर व्हायचं तर भाला सी सोबत रायडिंग (घोडेस्वारी) डी. अ‍ॅडव्हान्स्डला स्वोर्डमास्टरला तलवार ए, स्नायपरला धनुष्य ए, पॅलाडिनला भाला बी आणि रायडिंग बी, वायव्हर्न (उडणारा ड्रॅगन) रायडरला कुऱ्हाड बी आणि फ्लाइंग सी. आणि मास्टरला दोन-दोन तीन-तीन स्किल एकदम मागतात, बो नाइटचंच बघा, धनुष्य ए, रायडिंग ए आणि वर भाला सी, वायव्हर्न लॉर्डला कुऱ्हाड ए, फ्लाइंग ए, भाला सी. आता ज्या मुलाला तुम्ही वीस लेव्हलपर्यंत कधी घोड्याचं काही शिकवलंच नाही त्याचं रायडिंग तीस लेव्हलला ए कसं येणार, ते येत नाही आणि मग लोक गेमला नावं ठेवतात.

तिसरी अट मुलगा की मुलगी याची, आणि ही सगळ्यात आधी तपासा कारण ही कशानंही बदलत नाही. पेगासस नाइट, फाल्कन नाइट आणि ग्रेमरी फक्त मुलींना. ब्रॉलर, ग्रॅपलर, वॉर मास्टर, हिरो, डार्क मेज, डार्क बिशप फक्त मुलांना. तुमचं स्वतःचं पात्र बायलेथ, ते मुलगा घ्यायचं की मुलगी हे सुरवातीलाच विचारतात, त्यामुळे तिथंच बरंच काही ठरून जातं. मला स्वतःला हा नियम पटत नाही, विशेषतः ग्रेमरीच्या बाबतीत, कारण रीझन आणि फेथ दोन्ही ए करून मिळणारा आणि दोन्ही प्रकारची जादू दुप्पट वेळा वापरू देणारा तो क्लास आहे आणि जादूवाल्या मुलांना मास्टरमधे त्या तोडीचं काहीच नाही, ते घोड्यावरचे डार्क नाइट नाहीतर होली नाइट होतात किंवा वॉरलॉक, बिशप म्हणूनच राहतात.

लागणारं सील

प्रत्येक परीक्षेला त्या पायरीचं सील लागतं, बिगिनर सील, इंटरमीडिएट सील, अ‍ॅडव्हान्स्ड सील, मास्टर सील. मठातल्या बाजारात विकत मिळतात. सील म्हणजे आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधून छापून येणारा स्टॅम्प पेपर समजा, एकदा वापरला की तोच परत वापरता येत नाही. विद्यार्थी नापास झाला तरी सील जातं. वेगळं आहे ते फक्त डार्क सील, डार्क मेज आणि डार्क बिशपला हेच लागतं. ते डेथ नाइट नावाच्या घोडेस्वार शत्रूला हरवून मिळतं, तो चौथ्या चॅप्टरमधे पहिल्यांदा पाडता येतो पण पाडलाच पाहिजे असं नाही, टीम कच्ची असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. गोल्डन डीअरमधली लिसिथिया डार्क स्पाइक्स शिकलेली असेल तर मात्र जरूर प्रयत्न करा, ती जादू घोडेस्वारांवर जबरदस्त लागते.

परीक्षा कशी द्यायची

मठात असताना मेन्यूमधून सर्टिफिकेशन एक्झाम उघडा, विद्यार्थी निवडा, क्लास निवडा, पास व्हायची शक्यता किती टक्के ते समोर दिसतं. सगळे ग्रेड पूर्ण असतील तर १०० दिसतं, अर्धवट असतील तर कमी, आणि फारच कमी असेल तर बसूच देत नाहीत. माझं स्पष्ट मत, १०० दिसल्याशिवाय सील लावू नका. सिडकोतल्या एका दोस्तानं साठ-सत्तर टक्क्यांवर एकाच पोरासाठी सीलमागून सील घालवली, तेवढ्या सोन्यात चांगली हत्यारं आली असती, आणि पुढच्या दोन आठवड्यात ग्रेड तसाही पूर्ण झाला असता.

एकदा पास झालात की तो क्लास कायमचा तुमचा, नंतर कितीही वेळा बदला, परत सील लागत नाही.

तयारी कधीपासून

पहिल्या महिन्यापासून. आधी शेवटचा क्लास ठरवा आणि तिथून मागे या, सगळं यातच आहे. समजा ब्लॅक ईगल्समधल्या बर्नाडेटाला बो नाइट करायचंय, तिला धनुष्य आणि भाला मुळातच चांगलं जमतं, म्हणजे खरं काम उरलं रायडिंगचं. मग तिच्या गोल्समधे (तिनं काय शिकायचं ते ठरवायची जागा) धनुष्य आणि रायडिंग टाकून ठेवा, दर आठवड्याला थोडं थोडं वाढत राहतं. ग्रुप टास्कमधे तिला तबेल्याच्या कामाला लावा, त्यानं रायडिंग वाढतं (फ्लाइंगसाठी आकाशातली गस्त असते). मोटिव्हेशन संपलं की शिकवता येत नाही, म्हणून रविवारी मठात फिरून तिला जेवायला न्या, गिफ्ट द्या, हरवलेली वस्तू परत करा. ती ५ ला फायटर, १० ला आर्चर, २० ला स्नायपर आणि मग ३० ला बो नाइट.

मधल्या क्लासमधे मास्टरी (तो क्लास लढायांत वापरून पूर्ण करणं) पूर्ण करायला विसरू नका, पुढचं सील मिळालं म्हणून लगेच उडी मारू नका. फायटर पूर्ण केला की स्ट्रेंग्थ +२ मिळतं, आर्चर पूर्ण केला की हिट (नेम) +२०, ब्रिगंड पूर्ण केला की डेथ ब्लो (आपण हल्ला केला की जास्त जोरात लागतं), आणि ही अ‍ॅबिलिटी पुढे कुठल्याही क्लासमधे लावता येते. तलवारवाले असोत की भालेवाले, माझ्या टीममधे हत्यारानं मारणारा जवळजवळ प्रत्येक जण थोडे दिवस ब्रिगंड होतोच.

आणि मास्टर क्लास म्हणजे वरचढच असं धरून चालू नका. स्नायपरची मास्टरी केली की हंटर्स व्हॉली मिळतं, एका वेळी दोन बाण, आणि ते फक्त स्नायपर असतानाच चालतं. बो नाइटला लांबचा पल्ला आणि मारून परत मागे सरकायची सोय आहे, पण हंटर्स व्हॉली नाही. मी बर्नाडेटासाठी बो नाइट पास करून ठेवतो आणि मोठ्या मोकळ्या मॅपवरच वापरतो, बाकी वेळ स्नायपर. तसंच ब्रॉलचे गॉन्टलेट (मुठीवर चढवायची हत्यारं) घोड्यावर किंवा हवेत चालत नाहीत, तेव्हा ब्रॉलवाल्या पोराला उगाच वायव्हर्नवर बसवू नका.

परीक्षेशिवाय मिळणारे

एडलगार्ड, दिमित्री, क्लॉड आणि बायलेथ यांचे खास क्लास कथेत पुढे गेलं की मिळतात, सील लागत नाही. डान्सर मात्र एकालाच होता येतं, व्हाइट हेरॉन कप या नाचाच्या स्पर्धेला ज्याला पाठवाल आणि जो जिंकेल तो. डान्सर दुसऱ्याला त्याच टर्नमधे परत खेळायला लावतो, म्हणून ज्याच्यावर मारामारीची भिस्त आहे असा पोरगा त्यात घालवू नका, आणि ज्याला पाठवणार त्याचा चार्म (आकर्षकपणाचा आकडा) आधीपासून वाढवत राहा.

एक्सपान्शन पास (गेमचा वेगळा विकत घ्यायचा वाढीव भाग) घेतलेला असेल तर २०२० मधे आलेले ट्रिकस्टर, वॉर मंक (मुलींसाठी वॉर क्लेरिक), डार्क फ्लायर, वाल्किरी हे चारही दिसतील, त्यांना नेहमीचं सील चालत नाही, अ‍ॅबिसियन एक्झाम पास लागतो. सेकंडहँड कार्ट्रिजसोबत एक्सपान्शन पास येत नाही, तो ज्यानं घेतला त्याच्या अकाउंटला असतो, त्यामुळे विकणारा काहीही म्हणाला तरी त्याचे जास्त पैसे देऊ नका.