सरकारी शाळांची उपेक्षा : लांबणीवर पडत गेलेल्या खर्चाचा इतिहास

जिल्हा परिषदांच्या आणि नगरपालिकांच्या शाळा गेल्या तीसेक वर्षांत, म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा वाढल्यापासून खालावल्या, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो पूर्णपणे चुकीचा नसला, तरी गरिबाच्या मुलाच्या शाळेसाठी पैसा कोणी द्यायचा हा वाद त्याहून फार जुना आहे. गेली दोनशे वर्षे प्रत्येक राजवटीने सार्वत्रिक शिक्षणाचे तत्त्व मान्य केले आणि त्याच्या खर्चाचा प्रश्न पुढच्यावर ढकलला. आजची उपेक्षा त्या सवयीतून आलेली आहे.

ईस्ट इंडिया कंपनीवर १८१३ च्या सनदेने शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये खर्च करण्याचे बंधन घातले. हा पैसा कोणावर खर्च करायचा याचे उत्तर पुढे असे ठरले, की आधी वरच्या वर्गांना शिकवावे, त्यांच्याकडून विद्या खालपर्यंत आपोआप झिरपेल. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सामान्य जनतेच्या शिक्षणाकडे लक्ष वळवले खरे, पण त्याने सुचवलेल्या अनुदानाच्या पद्धतीत आधी स्वतः पैसा उभा करू शकणाऱ्या संस्थांनाच सरकारचा पैसा मिळणार होता, आणि असा पैसा उभा करणे खेड्यातल्या कुळाला शक्य नव्हते. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडासाठी, म्हणजे स्थानिक कामांच्या निधीसाठी, घेतला जाऊ लागला व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. शेतकऱ्याने आपल्या मुलाच्या शाळेसाठी साऱ्याखेरीज वेगळा कर द्यावा आणि महाविद्यालयांचा खर्च मात्र सरकारी तिजोरीतून व्हावा, अशी ही विभागणी होती.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनाचा रोख नेमका याच विभागणीवर होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातला शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. शिक्षकाला दरमहा किमान बारा रुपये पगार असावा, असेही सुचवले. आयोगाने प्राथमिक शाळा लोकल बोर्ड आणि नगरपालिकांकडे सोपवण्याची शिफारस केली. सरकारातली सर्वांत अशक्त तिजोरी ज्यांच्याकडे, त्यांच्याकडेच सर्वांत मोठे काम गेले.

पैशाइतकाच जातीचा अडसर होता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा मुंबई सरकारने लोकमताविरुद्ध जाण्याचे टाळले. सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, असा निर्वाळा १८५८ मध्ये वरून आला, परंतु प्रत्यक्षात कित्येक गावांत अस्पृश्य मुले त्यानंतरही अनेक दशके शाळेच्या ओट्यावर बसत राहिली.

सक्तीचे आणि मोफत शिक्षण ब्रिटिश मुलखाआधी संस्थानांत आले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये ते सबंध संस्थानाला लागू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसा निर्णय घेतला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. या दोहोंच्या मधल्या काळात, मार्च १९११ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. ते अगदी सावध होते : सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, तीही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तेथेच. तरीसुद्धा मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोध केवळ गोऱ्या अधिकाऱ्यांचा नव्हता; मजूर मिळेनासे होतील या धास्तीने जमीनदार सभासदही त्यांच्या बाजूला होते.

१९१८ आणि १९२३ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात सक्तीचा मार्ग मोकळा झाला, पण निधीचा प्रश्न तसाच राहिला. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिशेबच मांडला. पहिलीत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हा त्यातला एक आकडा. दुसरा त्याहून झोंबणारा होता : सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. ज्या गरिबाच्या दारूवर तिजोरी भरते, त्याच्या मुलांवर निदान तेवढा तरी खर्च व्हावा, असा या युक्तिवादाचा आशय होता. मुले मध्येच शाळा सोडतात आणि एकाच इयत्तेत अडकून पडतात, याची ‘गळती व स्थगिती’ अशी अधिकृत नोंद १९२९ मध्ये हार्टोग समितीने केली.

अबकारी आणि शाळा यांचे हे नाते दहा वर्षांनी वेगळ्याच रूपात पुढे आले. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. दारूबंदी करायची तर शिक्षणाला पैसा कोठून आणायचा, ही अडचण गांधीजींपुढे उभी राहिली. शाळेने हस्तोद्योगातून आपला खर्च भागवावा, ही त्यांच्या वर्धा शिक्षण योजनेतली कल्पना काही अंशी या अडचणीतून आली. तिच्या शैक्षणिक मूल्याबद्दल आदर ठेवूनही असे म्हणावे लागते, की मुलांच्या कताईतून शिक्षकाचा पगार निघावा ही अपेक्षा फक्त गरिबांच्या शाळेकडून केली गेली.

संविधान घडतानाही तत्त्व आणि जबाबदारी यांतले अंतर कायम राहिले. मूळ मसुद्यात प्राथमिक शिक्षण मोफत मिळण्याचा नागरिकाला हक्क असेल, अशा अर्थाचे शब्द होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांच्या रचनेशी ते विसंगत ठरतात या कारणावरून, ते वगळण्यात आले. अनुच्छेद ४५ मध्ये उरले ते एवढेच, की राज्य दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांखालील सर्व मुलांसाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाची तरतूद करण्याचा प्रयत्न करील. ती मुदत १९६० मध्ये संपली.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळांचे जाळे वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचले ते प्रामुख्याने या व्यवस्थेमुळे, हे मान्यच केले पाहिजे. मात्र बहुतेक पैसा पगारावर जाई आणि खडू, दुरुस्ती, सादिल (किरकोळ खर्च) यांसाठी फारसे काही उरत नसे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, दोन गोष्टी एकत्र सुचवल्या : राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणासाठी, आणि परिसरातली सगळी मुले एकाच शाळेत जातील अशी समान शालेय व्यवस्था. सहा टक्क्यांचा आकडा प्रत्येक धोरणात, अगदी २०२० च्याही, पुन्हा लिहिला गेला आहे, पण गाठला गेलेला नाही. समान शाळेची शिफारस तर कागदावरूनही हळूहळू पुसट होत गेली. माझ्या मते दोन्हींपैकी अधिक मोलाची तीच होती, कारण ज्या शाळेत आमदाराचे, तहसीलदाराचे आणि शेतमजुराचे मूल एका बाकावर बसते, तिचे छप्पर गळू लागल्यावर तक्रार ऐकली जाते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये लोकप्रतिनिधी व सरकारी नोकरांची मुले सरकारी शाळांत घालण्याची व्यवस्था करावी, असा आदेश उत्तर प्रदेशला दिला होता. तो अमलात आला नाही.

१९८६ च्या धोरणानंतर ‘खडू-फळा’ मोहीम आली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत, हे तिचे उद्दिष्ट होते. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनीही उद्दिष्ट एवढेच असावे, यातच बरेच काही आले. पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आणि २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान सुरू झाले. याच काळात विस्ताराचा खर्च कमी ठेवण्यासाठी कमी मोबदल्यावरचे शिक्षक नेमण्याची पद्धत देशभर रुळली. महाराष्ट्रात २००० च्या सुमारास शिक्षणसेवक आले, पहिली तीन वर्षे मासिक तीन हजार रुपये मानधनावर, आणि वस्तीशाळांतल्या निमशिक्षकांना त्याहूनही कमी मिळत असे. दूरच्या पाड्यावरच्या मुलासाठी कमी खर्चाचा शिक्षक पुरेसा आहे, हे यातून धोरण म्हणूनच स्वीकारले गेले.

काही पावले खरोखर मोठी होती. १९९५ मध्ये सुरू झालेल्या माध्यान्ह भोजन योजनेत अनेक राज्ये शिजवलेल्या अन्नाऐवजी दरमहा तीन किलो कोरडे धान्य देत असत. ते सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर बदलले. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाला आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक, एक किलोमीटरच्या आत शाळा, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, या गोष्टी प्रथमच कायद्याने मागता येऊ लागल्या. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असेही कायदा सांगतो. ऑनलाइन माहिती भरता भरता दिवस संपणाऱ्या गुरुजींना ते कलम पाठ आहे. पटनोंदणी आज जवळजवळ पूर्ण आहे, पण शिकण्याचे चित्र निराळे आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. त्याच पाहण्यांनुसार ६ ते १४ वयोगटातल्या खासगी शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांचे प्रमाण २००६ मधल्या सुमारे १९ टक्क्यांवरून २०१४ पर्यंत सुमारे ३१ टक्क्यांवर गेले होते.

ज्यांना फी भरणे शक्य होते ते बाहेर पडले, आणि पट घटला म्हणून आता शाळाच महाग ठरू लागली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा प्रस्ताव आला. अशा शाळा प्रामुख्याने डोंगराळ भागात, तांड्यांवर आणि पाड्यांवर आहेत. तेथे शाळा लांब गेली, की आधी मुलींचे आणि त्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचे शिक्षण थांबते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आणखी एक पाऊल उचलले : एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खासगी शाळांना, शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना जुलै २०२४ मध्ये रद्द केली. खासगी शाळांना या जागांच्या फीची प्रतिपूर्ती करण्याचा भार त्यामुळे सरकारवर राहिला, आणि स्वतःच्या शाळांवर किती खर्च करायचा हा प्रश्नही त्याच तिजोरीपुढे तसाच आहे.