ट्रॅकिंग आणि स्टॅकिंग : कोणाची चूक कोण भरून काढतं?

स्टॅकिंगचं, म्हणजे अनेक फोटो एकावर एक रचण्याचं, सॉफ्टवेअर तारे एकमेकांवर बसवून देतंच, मग माउंटच्या (कॅमेरा पेलून फिरवणाऱ्या यंत्राच्या) ट्रॅकिंगसाठी, म्हणजे ताऱ्यांमागोमाग फिरण्यासाठी, एवढी खटपट कशाला? आकाशाचे फोटो नव्याने काढू लागलेल्यांचा हा प्रश्न रास्त आहे. ट्रॅकिंगचं काम शटर उघडं असताना चालतं, स्टॅकिंगचं शटर बंद झाल्यावर सुरू होतं.

तारे सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतात. २०० मिमी लेन्स आणि ३.९ मायक्रॉनचा पिक्सेल असेल, तर एका पिक्सेलमध्ये ४ आर्कसेकंद आकाश मावतं (२०६ × ३.९ ÷ २००). म्हणजे साध्या ट्रायपॉडवर मृगातल्या तेजोमेघाचं एका सेकंदाचं एक्सपोजर दिलं, तरी तारे जवळपास ४ पिक्सेल लांबतात. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलसारखं स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर अख्खी फ्रेम (एकेक फोटो) सरकवतं, फिरवतं. फ्रेमच्या आत ओघळलेला प्रकाश त्याला गोळा करता येत नाही. शंभर लांबट तारे रचले की एक लांबट ताराच मिळतो.

स्टॅकिंग कमी करतं तो नॉइज (फोटोतली खरखर), तोही फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाने. ३६ फ्रेमना सहापट फायदा. दहापट हवा तर १०० लागतात. पुण्यात लोहगाव विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांच्या रेघाही सिग्मा क्लिपिंगने (बाकी फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल वगळण्याच्या पद्धतीने) पुसल्या जातात, मात्र निदान १५-२० फ्रेम हव्यात.

आता ट्रॅकिंग कुठे बिघडतं ते पाहू. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, बहुधा इमारतींमागे किंवा धुरक्यात असतो. तो दिसला म्हणून माउंटचा अक्ष थेट त्याच्यावरच रोखू नका. खरा ध्रुवबिंदू, ज्याभोवती आकाश फिरताना दिसतं, त्याच्यापासून सुमारे ४० आर्कमिनिटांवर (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे, आणि तेवढ्या चुकीने तारा मिनिटाला १० आर्कसेकंदांपर्यंत, म्हणजे वरच्या जोडणीत अडीच पिक्सेल, घसरू शकतो. पोलर स्कोपमधल्या (माउंटच्या अक्षाच्या दिशेने पाहणाऱ्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर ध्रुवतारा त्या वेळच्या योग्य जागी बसवला की हा दोष बराच आवरतो.

दुसरा दोष वर्म गिअरचा, म्हणजे माउंटचं दातेरी चाक फिरवणाऱ्या मळसूत्री दांड्याचा (वर्मचा). १४४ दात्यांच्या चाकाचा वर्म दर १० मिनिटांनी एक फेरी पूर्ण करतो आणि तेवढ्यात माउंट कधी पुढे जातो, कधी मागे पडतो. दोन्ही दोष ओळखायला फ्रेम क्रमाने पाहाव्यात. प्रत्येक फ्रेममध्ये ताऱ्यांची लांबी आणि दिशा साधारण सारखीच असेल, तर पोलर अलाइनमेंट (अक्षाचा ध्रुवबिंदूकडचा रोख) सुधारा. लांबी १० मिनिटांच्या चक्रात वाढत-घटत असेल, तर दोष गिअरचा. एक्सपोजर ३० सेकंदांवर आणा आणि तरीही बिघडलेल्या फ्रेम स्टॅकमधून काढा. ऑटोगायडर (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक आपोआप सुधारणारं उपकरण) घ्यायचा विचार त्यानंतरचा.

पुण्यातल्या गच्चीवरून मिनिटांच्या हिशोबात लांबलचक एक्सपोजर देण्यात तसाही अर्थ नाही. दिव्यांच्या उजेडाने हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डावीकडून पाव ते एक तृतीयांशावर आला, की तिथेच थांबावं आणि फ्रेम वाढवाव्यात. पानशेत-वेल्ह्याकडच्या अंधारात मात्र लांब एक्सपोजरचं चीज होतं आणि माउंटची खरी परीक्षाही तिथेच लागते.

एक दोष ट्रॅकिंग आणि स्टॅकिंग या दोघांच्या मधला आहे. प्रत्येक फ्रेममध्ये तारे गोल, पण फ्रेमागणिक दृश्य एकाच दिशेने सरकतंय, अशा वेळी सेन्सरचे ठरलेले ठिपके स्टॅकमध्ये तिरक्या रेघांसारखे उमटतात. फ्रेम वाढवल्या तरी त्या सहज जात नाहीत. दर ८-१० फ्रेमनंतर कॅमेऱ्याचा रोख १५-२० पिक्सेल हलवावा, प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला.