स्टार वॉर्स : व्हिजन्स – दडलेला तर्क आणि काळे पदर

लुकासफिल्मची ‘स्टार वॉर्स : व्हिजन्स’ ही ॲनिमेशन लघुपटांची मालिका डिस्ने प्लसवर आहे. पहिला खंड २२ सप्टेंबर २०२१ रोजी, दुसरा ४ मे २०२३ रोजी आणि तिसरा २९ ऑक्टोबर २०२५ रोजी आला. प्रत्येक खंडात नऊ लघुपट. पहिला खंड सात जपानी स्टुडिओंनी मिळून केला. दुसऱ्यात स्पेन, आयर्लंड, चिली, ब्रिटन, दक्षिण कोरिया, फ्रान्स, भारत, जपान आणि दक्षिण आफ्रिका असे नऊ देशांतले स्टुडिओ आले आणि तिसऱ्यात काम पुन्हा जपानकडे गेले. मूळ चित्रपटांच्या कालक्रमाचे जोखड लुकासफिल्मने या मंडळींच्या मानेवर ठेवले नाही. त्यामुळे इथली प्रत्येक गोष्ट सुटी आहे. तरीही सगळ्या पाठोपाठ पाहिल्या की त्यांच्या तळाशी एकच हिशेब चाललेला दिसतो, आणि तो फारसा सुखाचा नाही. ही नोंद त्या हिशेबाची आहे. ओघात बऱ्याच लघुपटांचे शेवट फोडले आहेत.

पाहताना न खटकलेली आणि नंतर अचानक सुचलेली खोच, या प्रकाराला चित्रपटवेड्यांच्या बोलीत ‘फ्रिज लॉजिक’ म्हणतात. मूळ आल्फ्रेड हिचकॉककडे जाते. प्रेक्षक घरी जाऊन शीतपेटीतली थंड कोंबडी काढू लागला की मग ज्यातला प्रश्न त्याला टोचतो, अशा प्रसंगाला तो ‘आइसबॉक्स’ प्रसंग म्हणत असे. त्या प्रश्नाचे उत्तर भयंकर निघाले, तर तो ‘फ्रिज हॉरर’. मराठीत याला ठरलेला शब्द नाही. पण रात्री पाण्याची बाटली काढायला उठलेला माणूस फ्रिजचे दार उघडे ठेवून तसाच उभा राहतो, तो क्षण सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

व्हिजन्समध्ये असे क्षण जास्त येतात, त्याचे कारण लघुपटाच्या लांबीत आहे. पंधरा-वीस मिनिटांत ग्रह, माणसे, भांडण आणि तलवारबाजी एवढे बसवायचे, म्हटल्यावर ‘मग पुढे काय झाले?’ याला जागा उरत नाही. ती जागा प्रेक्षक भरतो.

सर्वांत नेमके उदाहरण म्हणजे आयर्लंडच्या कार्टून सलून स्टुडिओचा ‘स्क्रीचर्स रीच’. डाल नावाची मुलगी आणि तिचे सवंगडी राबवून घेणाऱ्या कारखान्यातून एका दिवसापुरते सटकतात आणि भुताच्या गुहेकडे निघतात. दंतकथा, पैजा, एकमेकांना घाबरवणे, सगळे अगदी सुट्टीतल्या मुलांसारखे. डालजवळ एक पदक आहे. ती ते अधूनमधून चाचपते. पहिल्यांदा पाहताना ते आईची आठवण असावी असेच वाटते. गुहेत किंचाळणारी म्हातारी आकृती आहे, तिच्या हाती लाल लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या पात्याची तलवार, आहे, आणि डाल तिला संपवते. मग आकाशातून यान उतरते, एक सिथ स्त्री (फोर्स ही गूढ शक्ती वाईटासाठी वापरणाऱ्या पंथातली) बाहेर येते, आणि पदकाचा अर्थ कळतो. ती मुलगी भटकायला आलीच नव्हती, परीक्षा द्यायला आली होती. मित्रांना यातले काही ठाऊक नव्हते.

दुसऱ्यांदा पाहताना प्रत्येक हसरे वाक्य वेगळे ऐकू येते. खरा काटा मात्र त्या गुहेतल्या म्हातारीचा. लाल लाइटसेबर हे सिथांचे हत्यार, ते रस्त्यात सापडत नाही. म्हणजे तीही कधीतरी कुणाची तरी शिष्या होती. तिच्याही गळ्यात असेच पदक होते का? लघुपट उत्तर देत नाही, पण गुहेच्या रचनेतून ते डोकावते : इथे जिंकणाऱ्याला यान मिळते, आणि कधी ना कधी त्या अंधारातली जागाही.

आता त्याच, म्हणजे दुसऱ्या खंडातले आणखी दोन शेवट शेजारी ठेवावेत. दक्षिण आफ्रिकेच्या ट्रिगरफिशच्या ‘आऊज साँग’मध्ये आऊ या लहानगीच्या गाण्याने खाणीतले कायबर स्फटिक, म्हणजे लाइटसेबर ज्यांवर चालतात ते, थरथरतात. बाप तिला गप्प ठेवतो, आणि शेवटी एक जेडाय, म्हणजे फोर्स चांगल्यासाठी वापरणारी योद्धा, तिला शिकवायला सोबत नेते. मुंबईच्या ८८ पिक्चर्सच्या, ईशान शुक्ला दिग्दर्शित ‘द बँडिट्स ऑफ गोलक’मध्ये आकाशगंगेवरच्या जुलमी साम्राज्यापासून पळणारी राणी नावाची मुलगी आणि तिचा भाऊ चारुक रेल्वेने एका ढाब्यावर पोहोचतात. तिथली रुगल ही म्हातारी लपलेली जेडाय निघते. शेवटी राणी तिच्या हवाली होते आणि भावंडांची ताटातूट होते. ढाबा, दाटीवाटीची गाडी, पागोटी हे सगळे आपल्या डोळ्यांना इतके घरचे वाटते की निरोपाचा प्रसंग सरळ काळजाला भिडतो आणि बाकी प्रश्न मागे पडतात. प्रश्न असा की तिन्ही गोष्टींत घडले एकच : फोर्स असलेले मूल सापडले, अनोळखी मोठे माणूस आले, मूल घेऊन गेले. एकदा संगीत भयाचे, दोनदा आशेचे.

भरीला फ्रान्सच्या स्टुडिओ ला कॅशेटचा ‘द स्पाय डान्सर’ आहे. त्यात साम्राज्याने तान्हेपणी उचललेला मुलगा साम्राज्याचाच अधिकारी होऊन आईसमोर उभा राहतो. जेडाय, सिथ, साम्राज्य तिघांचीही पावले अंगणात एकाच वाटेने येतात. नऊ देशांच्या नऊ संघांनी ठरवून हे केले असण्याची शक्यता नाही. मूळ चित्रपटांतच जेडाय मंडळ मुले फार लहानपणी घेते. चांगल्या-वाईटाच्या झगमगाटात तिथे ते खपून जाते. इथे गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे ते उघडे पडले.

दुसरा धागा स्फटिकांचा. स्टार वॉर्सच्या सध्याच्या अधिकृत कथाविश्वात लाल पाते नैसर्गिक नसते. सिथ आपला संताप स्फटिकात ओतून त्याला जणू रक्तबंबाळ करतो, तेव्हा तो लाल होतो. हे डोक्यात ठेवून पहिल्या खंडातल्या, कामिकाझे डोगा स्टुडिओच्या ‘द ड्युएल’चा शेवट पाहावा. स्वतःही लाल पातेच बाळगणारा एक भटका रोनिन (धनी नसलेला सामुराई) एका सिथ स्त्रीला मारतो, तिच्या शस्त्रातला स्फटिक काढतो आणि तो गावच्या पोरसवदा प्रमुखाला देतो. का, तर वाईटापासून रक्षण होईल म्हणून. जपानी तलवारपटाच्या चौकटीत हा शेवट शोभतो. स्फटिकाची जन्मकथा आठवली की मात्र प्रश्न पडतो : कुणाच्या तरी यातनेने भरलेली वस्तू मुलाच्या हातात ताईत म्हणून ठेवली का? रोनिनकडे असे आणखीही स्फटिक आहेत, त्याअर्थी हा त्याचा जुना उद्योग दिसतो.

प्रॉडक्शन आय.जी.च्या, केन्जी कामियामा दिग्दर्शित ‘द नाइन्थ जेडाय’मध्ये तर्क सर्वांत चोख आहे. जेडाय जवळजवळ नामशेष झाले आहेत. जुरो नावाचा सरदार हवेत तरंगणाऱ्या मंदिरात इच्छुकांना बोलावतो. प्रत्येकाला मिळणारा लाइटसेबर धरणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे रंग दाखवतो. तलवारी पेटतात आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांची पाती लाल निघतात. प्रेक्षक लढाईत गुंततो. नंतर हिशेब मांडला की भीती वाटते. जगात जेडाय उरले नसताना ‘जेडाय हवेत’ अशी दवंडी पिटली, तर धावत येणार कोण? ज्यांना तलवार हवी आहे ते. शिवाय या तलवारी घडवणारा कारागीर. रंग कळणार पाते पेटल्यावर, म्हणजे हत्यार हाती गेल्यावरच; ज्यांच्या विरोधात तो तलवारी घडवत होता, त्यांनाही त्या देणे त्याला चुकत नाही. त्याची मुलगी कारा हिचे पाते सुरुवातीला जवळपास बिनरंगी असते, हे दिग्दर्शकाने उगाच ठेवलेले नाही.

‘द पिट’मध्ये तर काही दडलेलेच नाही, फक्त आपण नजर फिरवतो. कैद्यांकडून कायबरसाठी प्रचंड खड्डा खणून घेतात, काम संपल्यावर त्यांना तळाशी सोडून देतात. जवळच शहर वाढलेले असते, दिवे लखलखत असतात. क्रक्स कसाबसा वर चढून शहरात ओरडत फिरतो, तेव्हा त्याला पकडून परत खड्ड्यात फेकतात, आणि तो मरतो. लोक अखेर मदतीला येतात, म्हणून शेवट उजळ वाटतो. पण तोवर इतकी वर्षे त्या शहरात कुणीच कठड्याशी येऊन खाली वाकून पाहिले नव्हते.

हलक्याफुलक्या ‘टॅटूइन ऱ्हॅप्सडी’लाही हे चुकलेले नाही. हट या परग्रही जमातीतल्या, पळालेल्या वादकाला देहान्ताची शिक्षा होते, बँड शेवटचे गाणे मागून घेतो, प्रेक्षक डोलू लागतात आणि गुंडांचा म्होरक्या जब्बा बँडचा प्रायोजक होतो. सुटका झाली म्हणायची, पण गाणे आवडेनासे झाले तर? जब्बाच्या दरबारात करमणूक करणाऱ्यांचे काय होते, ते १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ चित्रपटात सगळ्यांनी पाहिले आहे.

असा किस पाडण्याला मर्यादा आहे. ट्रिगरच्या ‘द ट्विन्स’मध्ये माणसे अंतराळात उघड्यावर उभी राहून भांडतात, तिथे श्वास कसा घेतात, हे विचारणे म्हणजे दशावतारात देवाच्या मुकुटाचे वजन विचारण्यासारखे. त्या स्टुडिओची शैलीच तशी आहे. खोच शोधायची तर माणसांच्या वागण्यात शोधावी. सायन्स सारूच्या ‘अकाकिरी’त ती जागा आहे : त्सुबाकी हा जेडाय एका राजकन्येच्या मृत्यूची स्वप्ने पाहून तिला वाचवायला येतो आणि तिच्यावर घाव त्याच्याच हातून पडतो. तो आलाच नसता तर तो घाव तिच्यावर पडला असता का, हे त्या लघुपटात त्याला कुणी विचारत नाही.

तिसऱ्या खंडात ‘द ड्युएल’, ‘द नाइन्थ जेडाय’ आणि ‘द व्हिलेज ब्राइड’ यांचे पुढचे भाग आले. डालच्या वाट्याला मात्र तसा भाग आला नाही. यान निघून गेल्यावर तिच्या मित्रांना एक दिवसाची रजा संपवून कारखान्यात परतायचे होते, आणि एक जण कमी का, हे तिथे त्यांनाच सांगायचे होते.